मॉरिशसला जाण्याआधी

नांदेड, ९ जानेवारी १९८३

प्रिय गुरू,

"या वयात लोक काशीला जातात, आमची अक्का फ्रेंच शिकवाया समुद्रापार चालली," असं तू चारचौघांत म्हणालास म्हणे. खरंच होतं ते. ट्रंका भरून झाल्या होत्या. मॉरिशसमधल्या एका गावात यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं बारा खोल्यांचं घर बघून ठेवलंय. इथून गेलेल्या मुलांनी तिथंच राहायचं, जेवायचं, बाजारहाट करायचा आणि दिवसभर फ्रेंचच बोलायचं. व्याकरण हे शिकवणार, स्वयंपाकघरातलं बोलणं मी. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटून घेतलेलं पन्नाशीनंतर कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तुमचा निरोप घ्यायला पंधरा दिवसांपूर्वी चाकूरला आले, तर तुझ्या बायकोच्या मनगटाला फळी बांधलेली. "उंबऱ्यात पडले, वन्सं," नागम्मा म्हणाली. चहा ओतायला ती वाकली, पदर सरकला, आणि पाठीवर पट्ट्याचं बक्कल उमटलेलं दिसलं. एक नाही, तीन. तू ओसरीवर नव्या जिल्ह्याच्या कसल्याशा समितीच्या लोकांना हसत हसत पान देत होतास. मी चहा घेतला आणि नांदेडची बस धरली.

लहानपणी अप्पा तुला ओल्या दोरानं झोडायचे, तेव्हा मी तुझ्यावर पालथी पडायचे. एक वळ माझ्या खांद्यावर अजून आहे. तुझा ओठ फुटायचा, मी तो पदरानं टिपायचे आणि तुला साखर भरवायचे. अकराव्या वर्षी तू कुत्र्याचं पिल्लू दगडानं ठेचलंस, का तर ते हाकेला आलं नाही. मी ते परसात पुरलं आणि कोल्ह्यानं नेलं म्हणून सांगितलं. तू काहीही केलंस तरी मला तो मार खाणारा पोरगाच दिसायचा, गुरू. माझं तिथंच चुकत गेलं.

बहात्तर साली गावातले आड आटले. तू लिंबाच्या बागेसाठी आपल्या विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलंस. मडिवाळप्पानं, पंधरा वर्षं आपल्याकडे राबलेल्या गड्यानं, ते फोडून गावातल्या बायकांना पाणी भरू दिलं. बायका घागरी घेऊन गेल्या, आणि माहेरी आलेली मी भर दुपारी तुला जेवायला बोलवायला आले. तू पहार उचललीस. पहिला घाव खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला आणि म्हणाला, "मालक, पोरं तान्हेली हायती त्यांची." दुसरा डोक्यात बसला. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. तो आडवा झाल्यावरही तू दोनदा मारलंस. सांडलेल्या पाण्यातून रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं. तू माझ्याकडे वळलास. "अक्का, तू काही बघितलं न्हाईस." आणि मी सगळ्यांना सांगितलं, पायरीवरून घसरला.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. बसवलेल्याचं डोकं सगळ्यांना दिसतं. म्हणून ती जखम मी धुतली, आत कापूस दाबला, वर भस्म थापलं आणि अप्पांचा रेशमी फेटा त्याच्या भुवयांपर्यंत आवळून बांधला. लोक म्हणाले, गड्याला केवढा मान दिला. फक्त त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, विचारलं, "बाई, लई खाली आलाय की फेटा. डोळं दिसंनात त्यांचं." मी तिला म्हणाले, असाच बांधतात.

ती अजून मला रामराम करते. दहा वर्षं मी तो घेते आहे.

आपण जाळत नाही, गुरू, पुरतो. आपल्या बांधाजवळ तो तसाच बसलाय, आणि फुटलेली कवटी बोलेल. पुढच्या सोमवारी लातूरच्या नव्या पोलीस कचेरीत मी जबाब देणार आहे, तू काय केलंस आणि मी काय झाकलं त्याचा. जागा मीच दाखवीन. मलाही धरतील, धरू देत. यांना परवा सांगितलं. हे उठले, त्यांनी माझी ट्रंक उघडली आणि माझ्या साड्या एकेक करून कपाटात परत ठेवल्या. हे एकटेच जातील. पोरांना स्वयंपाकघरातलं बोलणं कोण शिकवील, ठाऊक नाही. नागम्माला शोधू नकोस, हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती माझ्याकडे असेल. पत्र बुधवारी-गुरुवारी पोचावं. पळून जायला तेवढे दिवस पुरतात, हे मला कळतं. स्वतः येऊन कबूल व्हायलाही पुरतात, म्हणून लिहिलं. सोमवारी सकाळी दहाला मी लातूरच्या बसस्टँडवर उभी असेन. आलास तर दोघं मिळून आत जाऊ. अकरापर्यंत वाट बघेन, मग एकटी जाईन.

त्यानंतरही तुझीच,
अक्का