फळीवरचा रिकामा खिळा

ताई,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून लिहितेय. घाबरू नकोस म्हणणार होते, पण मीच घाबरलेय.

भावोजींनी समोरच्या विंगमध्ये फ्लॅट भाड्याने घेतलाय. तुझा घटस्फोट झाला तरी माझ्या तोंडात अजून भावोजीच येतं बघ. आता ते रीतसर रहिवासी, त्यामुळे गेट, लिफ्ट, जिम, गच्ची, सगळ्याचं कार्ड त्यांना मिळालं. ज्या वॉचमनला आपण आत सोडू नको म्हणून त्यांचा फोटो दाखवून ठेवला होता, तोच आज त्यांना सलाम ठोकत होता. मी हटकलं तर म्हणाला, "मॅडम, साहेब आता इथलेच आहेत."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सोसायटीचं ऑफिस सांभाळायला कमिटीला कुणी मिळत नव्हतं, ते काम भावोजींनी हौसेने अंगावर घेतलंय. नळ फुटला तर दार उघडता यावं म्हणून प्रत्येक घराची जादा किल्ली तिथल्या फळीवर टांगलेली असते ना? मी आपली काढून आणायला गेले. गोड हसून म्हणाले, "घे की, तुमचीच आहे." आपल्या खिळ्यावर काहीच नव्हतं.

मी कुलूपवाल्याला आणायला चाललेय. आलीस की आतून कडी लाव आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय उघडू नकोस.

चिठ्ठी दारावर न लावता घरात, तुझ्या चपलांच्या खणात ठेवतेय, घडी करून, पिन मारून. ती तुला आधीच उघडलेली मिळाली, तर कडी लावू नकोस, ताई. तशीच बाहेर पळ.