उलटी चंद्रकोर

आई, तुला आज 'तू' म्हणून लिहितेय. तू होतीस तोवर मी तुला अहोजाहो करायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, लेक आईला केवढा मान देते. तू ऐकून घ्यायचीस आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायचीस.

मी तेव्हा सात वर्षांची. तेरखेड्याच्या बाहेर माळावर पत्र्याचं शेड होतं, तिथं तू फटाक्यांत दारू भरायला जायचीस. त्या दुपारी शाळेत आम्ही पाढे म्हणत होतो आणि भिंतीवरचा फळा हादरला. गुरुजी दारात जाऊन उभे राहिले, ते बराच वेळ आत आलेच नाहीत. तुझ्या डोक्याला भुवयांपर्यंत फडकं आवळलेलं होतं म्हणून कपाळ वाचलं. डोळे कसे वाचले ते कुणालाच सांगता आलं नाही. नाक मात्र राहिलं नाही. आण्णांनी मला मुरुमला त्यांच्या बहिणीकडं, आत्याकडं पाठवलं. चार महिन्यांनी आत्या म्हणाली, "तुझ्या आईला नवीन नाक करायलेत." गणपतीच्या मूर्तीला करतात तसं मातीचं करत असतील, असं मला वाटलं. मी खूश झाले होते.

मग आण्णा मला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तू खाटेवर खिडकीकडं तोंड करून बसलेली. पाठ तुझी, वेणी तुझी. आण्णांनी हाक मारली आणि तू वळलीस. तुझ्या भुवयांमधून बोटाएवढी जाड मांसाची पट्टी पिळा घालून खाली आलीय आणि नाकाला जोडलीय. त्या नाकाच्या मधोमध तुझं गोंदण. कपाळावरची ती हिरवी चंद्रकोर आणि तिच्यावरचा ठिपका. फक्त आता चंद्रकोर उलटी होती, ठिपका तिच्याखाली लोंबत होता. डॉक्टर आण्णांना समजावत होते की कपाळाचीच कातडी फिरवून खाली आणलीय, तिला अजून भुवईकडूनच रक्त मिळतंय, तिला शिवलं तरी कपाळाला शिवल्यासारखंच वाटेल, नाकावर ती नीट धरली की तीन आठवड्यांनी मधली पट्टी कापून टाकू. तू मला जवळ बोलावलंस, ओठ पुसायला ओला रुमाल मागितलास. मी हात लांब करून दिला. एक थेंब तुझ्या नाकावर पडला, आणि तुझा हात नाकाकडं गेलाच नाही. तू कपाळ पुसलंस.

"कपाळावर पाणी सांडलंस की गं," तू म्हणालीस.

कपाळावर तर कोरडं बँडेज बांधलेलं होतं. मी पळाले. व्हरांड्यात आण्णांनी धरलं तेव्हा मी ओरडून सांगितलं, ही माझी आई न्हाय. दार उघडंच होतं.

तू घरी आलीस तेव्हा मधली पट्टी नव्हती, चंद्रकोर तशीच होती. मी तुझ्याकडं न बघता घरात वावरायची. एकदा चुलीपुढं तू भाकरी थापतेस आणि नाकावर माशी बसलीय. ती नाकावरून ओठाकडं चालत जाते, परत वर येते, आणि पट्टी कापल्यापासून तिथलं तुला काहीच कळत नाही. मला ते बघवेना. "तुमच्या नाकावर माशी बसलीय," मी म्हणाले. किती दिवसांनी तुझ्याशी बोलले होते. माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'तुमच्या' ऐकून तुझे हात परातीत थांबले. मग तू म्हणालीस, "हाकल की मग." मी हाकलली. पुढं ते कामच माझं झालं. नाकाच्या शेंड्यावर कपाळाचे केस उगवायचे, तेही कात्रीनं मीच कापायचे, तुझा श्वास माझ्या बोटांवर येत असायचा. एवढ्या जवळ असून तोंडातून 'तू' निघत नव्हतं. शाळेच्या वाटेवर मी एकटीच 'तू' म्हणून बघायचे, तिथं जमायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "आता तरी तू म्हण मला." मी हो म्हटलं आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तू हसलीस. जेवले म्हणालीस.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. परवा आण्णांना डोळे दाखवायला धाराशिवला आणलं होतं, तेव्हा एसटीत ते आपणहून बोलायला लागले. मी पळून गेले त्याच दिवशी डॉक्टरांनी तुला विचारलं होतं म्हणे, पट्टी कापताना नाकावरचं गोंदणही काढायचं का, पोरगी घाबरतीय. तू म्हणालीस, "न्हाय. राहू द्या ते. आज भ्याली, पण त्याच्यावरूनच वळखंल ती मला." आण्णांनी इतकी वर्षं हे मला सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "वळखायला लई येळ लागला व्हय गं तुला?" मी म्हणाले, लहान होते ना आण्णा, लागला थोडा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, आण्णांनाही वाचून दाखवायचं नाही. पण आण्णांशी मी खोटं बोलले. वेळ अजिबात लागला नव्हता. तू खिडकीकडून वळलीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. अनोळखी बाई असती तर मी एवढी भ्याले नसते.