रिव्हॉल्व्हरमधल्या अक्षता

श्रूजबरी, ऑक्टोबर १९८७

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी शांत असेल अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम. मी काउबॉय झालो आहे. (‘आधी बसून घ्या’ असं पाकिटावरच लिहिणार होतो, पण शरयूने पेन काढून घेतलं.)

त्याचं असं झालं. आमची दीपा आता सतराची. घरात काही विचारावं तर ‘फाइन’ एवढंच उत्तर येतं, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजला कॅलिफोर्नियात जाणार. मैत्रिणीच्या वडिलांनी तिला एका क्लबात नेलं. तिथे चांगली पेन्शनीत निघालेली माणसं शंभर वर्षांपूर्वीचे कपडे घालून, त्या काळच्या घाटाच्या बंदुकांनी लोखंडी पत्र्यांवर नेम धरतात. पोरीला ते फारच आवडलं. सोबत पालक हवा म्हणाले. मी छाती काढून पुढे झालो. लायसन्स काढलं, रिव्हॉल्व्हर घेतलं, शेजाऱ्याची हॅट मागून आणली (ती भुवयांखाली उतरते). तिथे खऱ्या नावाने खेळत नाहीत, टोपणनाव घ्यावं लागतं. ऐन वेळी मला दरारा असलेलं एकच नाव आठवलं, तुमचं; तेव्हा हल्ली मॅसॅच्युसेट्समध्ये मी ‘जगन्नाथ किड’ आहे. रागावू नका.

मग दसरा आला. आजवर पूजेला आमची विळी आणि माझं ड्रिल असायचं. यंदा खरंखुरं शस्त्र म्हटल्यावर शरयूचा हात सैल सुटला. (गोळ्या नव्हत्या, घाबरू नका.) गंध, हळद, कुंकू, वर मूठभर अक्षता. देवापुढचं पुसायचं कसं, म्हणून मीही ते तसंच पेटीत ठेवलं.

रविवारी खेळाआधी तपासणी झाली. दाढीवाल्या पंचांनी रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरवलं, ते फिरेना. उलटं करून आपटलं, तर टेबलावर तांदूळ पडले आणि त्यांची बोटं लाल झाली. मागे अख्खी रांग खोळंबली. मी ‘सॉरी सर, सॉरी सर’ करत तांदूळ गोळा करू लागलो. वाटलं, आता पोरगी लाजेने गाडीत जाऊन बसणार आणि आमचे रविवार संपले.

दीपा पुढे आली. म्हणाली, “वुई डू धिस एव्हरी इयर, सर. वुई थँक अवर टूल्स.” दादा, जी मुलगी आरतीला खोलीबाहेर येत नाही, ती ‘वुई’ म्हणाली! मला भरून आलं. हॅटमुळे कुणाला दिसलं नाही. पंचांनी आदराने स्वतःची हॅट काढली आणि मला त्या दिवशी खेळू दिलं नाही, जे योग्यच होतं.

परतताना तिने विचारलं, “बाबा, आपले लोक एटीन-एटीजमध्ये डोक्याला काय घालायचे?” एरवी मी ‘डॅड’ असतो.

तुमचा धाकटा,
गुरुदत्त

ता. क. आबांचा फेटा तुमच्या ट्रंकेत आहे, तो कुणी इकडे येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. बांधायचा कसा तेही सविस्तर कळवा; मला येत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. पुन्हा. वरून वाटेल की मला नेमबाजीचा नाद लागलाय. गोळी सुटताना मी डोळे मिटतो. माझ्या हातून एकही पत्रा अजून वाजलेला नाही. पण जाता-येता गाडीत ती माझ्याशी बोलते.

आणि शेवटचं. फेटा मला नाही, दीपाला हवा आहे. कॅलिफोर्नियाला नेणार म्हणते. तेव्हा परत मिळेल असं समजू नका.