बिनसुळ्यांचा नरकासुर

कारापूर,
२१ ऑक्टोबर २०२५

चि. विनू हिस,

दादाचा आशीर्वाद. यंदाच्या नरकासुराचा बांबूचा सांगाडा मी बांधला, गवत मी भरलं, मान हलावी म्हणून आत कप्पी बसवली, गदा आणि मुकुटही माझ्याच हातचे. कुठल्या कलाशाळेची पायरी न चढता. तुझ्या घरचे पाट, पोळपाट आणि न्हाणीची फरशी केली, तेव्हाही मला कुणी शिकवलं नव्हतं. मुखवटा मात्र माझा नव्हे. तो तुझ्या गौरवीने केला.

ती खुशाल आहे. काल कारीट फोडून झालं, मग गुळाचे फोव तिने दोनदा घेतले, पोह्यांचा एक दाणा ठेवला नाही.

वाड्यावरची पोरं दरवर्षी बाजारातला तयार मुखवटा आणतात. यंदा मी अट घातली: अंग माझं, तोंड तुमचं. मोबाईलात बघायचं नाही. ज्याला तुम्ही स्वतः भिता, तो करा. शेजारच्या निहारने तीन डोळे लावले, तनयाने मगरीचा जबडा. गौरवी सुट्टीला आल्यापासून धड बोललेली नाही. ती कागदाचा लगदा घेऊन कोपऱ्यात बसली. तिच्या नरकासुराला शिंगं नाहीत. नीट पाडलेला भांग, दाढी केलेले गाल, ओठांवर हसू.

निहार म्हणाला, "ह्यो नरकासूर की न्हवरो गो? वरातीक काढतलस?"

मी म्हटलं, "सुळे विसरलंस गो बाय."

"नाय मामा. तो आदी हसता."

"आनी मागीर?"

ती ब्रश धुवायला निघून गेली. संध्याकाळी पोरांनी आपणहून तोच मुखवटा चढवला.

मी बारकावे बघणारा माणूस. डाव्या भुवईत तिने एक तिरकी फट सोडली होती. घाईत राहिली असेल म्हणून बुजवायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. तशी खोक मी एकाच माणसाच्या भुवईत पाहिली आहे. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे.

आमचे मेहुणे सगुणराव बरे आहेत ना? तू म्हणालीस, न्हाणीत पाय घसरून तुझा हात दुखावला. विनू, ती फरशी मी टाकीने टोचून खडबडीत केली आहे. तिथे शेवाळ धरलं तरी पाय सरकत नाही. चतुर्थीला तू का आली नाहीस, हेही दरवेळी निराळंच ऐकलं, आणि दरवेळी फोन सगुणरावांनीच उचलला. म्हणून हे पत्र. तुमच्या अंगणवाडीतली रेश्मा ते फक्त तुझ्याच हातात देईल.

माझा संशय खोटा असेल तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. खरा असेल तर काही लिहू नकोस. भाऊबीजेला मी जीप घेऊन येतो. दोन लुगडी आणि कागदपत्रं पिशवीत भरून ठेव. गौरवीला मी परत पाठवणार नाही.

काल पहाटे नरकासुराला चूड तिनेच लावली. बाकीची पोरं धगीने मागे सरली. ही माझा हात धरून, भुवई जळून जाईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, भूक लागली."

आता एवढं सगळं लिहून जे टाळत होतो ते. परवा संध्याकाळी सगुण पोरीला न्यायला आला होता. नरकासुरासमोर उभा राहिला तो राहिलाच. त्या चेहऱ्याबद्दल कुणी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मला बाजूला घेऊन हसत म्हणाला, "रघुदादा, जाळुचो आसा तर बाजारातलो मुखवटो लावा. पोरांच्या मंडळाक देणगी समजा." मी नाही म्हटलं. पोरीचं नावही न काढता तो निघून गेला.

वीस हजार रुपये देत होता, रोख.

तुझा पाठीराखा,
रघुनाथ