नडगीवरची बोहनी

३ जून

आले बाई एकदाची नोकरीवर! हाडतपासणी केंद्र दुसऱ्या मजल्यावर, त्याच्यावरच मला राहायला खोली. खिडकीत ऊन, नळाला चोवीस तास पाणी. धाकट्या बहिणीला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. नुसती जळली.

माणसंही झकास. काउंटरवरच्या ताई, फायलीवाले काका, मोठ्या सिस्टर. तिघंही डाव्या पायानं लंगडतात. मनात म्हटलं, हाडांच्या केंद्रात लंगड्यांची भरती, काय हा प्रकार! मग माझी मलाच लाज वाटली.

५ जून

मशीन म्हणजे एक जाडजूड पेन, टोकाला सुई. नडगी बधिर करायची, सुई कातडीतून हाडाला टेकवायची, खटका दाबायचा. टक्. सुई हाडात केसभर रुतते. जितकी कमी रुतेल तितका आकडा मोठा. हाड दाट किती ते जुन्या मशीनलाही कळायचं, चिवट किती ते हे नवं मशीन सांगतं.

रोज सकाळी ते आधी जुळवून घ्यावं लागतं. बाकी ठिकाणी त्यासाठी प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. आमच्या डॉक्टरांना तो पटत नाही. जिवंत हाडासाठी जिवंत हाडच हवं, म्हणतात. म्हणून इथली रीत अशी, की सगळ्यात नव्या माणसाच्या नडगीवर दहा ठोके मारायचे आणि मशीन रोज त्याच्या पहिल्या दिवशीच्या आकड्यावर लावायचं. सगळे याला ‘बोहनी’ म्हणतात. माझा पहिलाच आकडा नव्वद! सिस्टरनी पाठ थोपटली. आहेच मी हाडापेरानं मजबूत. शाळेत मुलं उगाच नव्हती वचकून.

१४ जून

नव्वद. रोज त्याच जागी दहा ठोके, नडगी ठणकते. कुरकुर केली तर डॉक्टर गोड हसले, म्हणाले, आकडा हलतोय का सांगा. खरंच हलत नाही. मग काय, पुन्हा पाय पुढे केला, कप्पाळ!

आज एका म्हाताऱ्या मास्तरांचा आकडा पंच्याण्णव आला. खुशीत काठी इथंच टाकून गेले.

२३ जून

मास्तर पडले. खुबा मोडला.

मला राहवेना. सगळे जेवायला गेल्यावर कपाटातला तो ठोकळा शोधून काढला. त्यावर साठ छापलंय, म्हणजे मशीननं साठच दाखवायला हवं. दहादा ठोकून पाहिलं. ब्याऐंशी.

ठोकळा काही बदलत नाही. मशीन मात्र रोज माझ्या हाडाला नव्वद धरून लावतात. म्हणजे माझं हाड रोज उतरतंय, आणि मशीन त्याच्यामागून खाली येतंय. म्हणून माझा आकडा हलत नाही, आणि बाकीच्यांचा फुगतो.

२४ जून

काउंटरवरच्या ताईंना धरलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आधी काका नवे होते, मग सिस्टर, मग मी. किती वाट बघितली गं तुझी.

तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. बॅग भरली. जिन्यात तिसऱ्या पायरीवर नुसतं पाऊल टाकलं हो, नुसतं पाऊल! आवाज आला आणि—

२७ जून

डावा पाय प्लास्टरमध्ये. त्याच खोलीत. फोन डॉक्टरांच्या खिशात. त्यांनी स्वतः उशी नीट केली. मग उजव्या पायावरची चादर सारली. म्हणाले, नवं माणूस येईपर्यंतच.

मी किंचाळले. सिस्टरनी खांदे दाबून धरले. मायेनं.

२ जुलै

उजवाही ठणकतोय. आणखी पंधरा दिवस, फार तर. मग दोन्ही— नाही. नाही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, तुमच्याच अंगकाठीचं कुणी आहे का घरात? तेवढ्यापुरता फोन देतो.

३ जुलै

धाकटीला केला फोन. इथं तुलाही नोकरी आहे, जागा चांगली, माणसं मायाळू म्हटलं. हुंदका आला तर ती म्हणाली, ताई, किती खूश आहेस गं—

६ जुलै

आली. गळ्यात पडली. प्लास्टर बघून रडली. जिन्यात घसरले म्हटलं.

आज माझ्या पायावरची चादर कुणी काढली नाही. गाढ झोपले. झोप लागली मला! थू माझ्यावर.

७ जुलै

मशीन माझ्याच हातात दिलंय. डॉक्टर म्हणतात, बहिणीचा हात हलका.

ती पाय पुढे करून बसलीये. बधिर होईतो बडबडतेय. लिहितेस काय, विचारते. वही मांडीत ओढली.

सांगून टाकू? एकच शब्द. पण मग उद्या माझा उजवा—

सिस्टर म्हणतात, झालं बधिर.

तिनं डोळे मिटलेत. म्हणते, तू आहेस ना, मग मला कसली भीती. मी म्हटलं, काही नाही गं, आपली फक्त बोहनी—