माठाचा नियम

प्रिय सोमेश,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, रागवायला लिहीत नाही. रागवायचंच असतं तर रिक्षा करून उचगावात तुझ्या मामाच्या दुकानात आले असते आणि गिऱ्हाइकांसमोर तुझा कान धरला असता. या वयातही हातात तेवढा जोर आहे.

उन्हाळी शिबिर नेहमीसारखं सुरू आहे. शिवाजी पेठेतली तीच तालीम, खाली जोर-बैठका, वर आमची गणिताच्या स्पर्धेची तयारी. माठाचा नियमही तोच: गणित सुटलं की ओरडायचं नाही, उत्तर सांगायचं नाही, गुपचूप उठून माठातलं पाणी प्यायचं. परवा एक पाहुणे उन्हातून आले आणि आल्या आल्या फुलपात्रभर पाणी प्यायले. पोरं अवाक! एकाने तर त्यांना रीतच विचारली. बिचाऱ्यांना पुन्हा घाम फुटला. माठ भरणारा आपला गुंडू मात्र गणित अवघड निघालं की खूश. वर येऊन माठात डोकावतो आणि ‘आज कुणालाच तान न्हाय व्हय?’ म्हणून आम्हाला चिडवतो.

तुझी आई मंडईत भेटली. ‘बाई, पोरगं पुस्तकाला हात लावंना बघा. बीएस्सीला जात न्हाय म्हणतंय,’ म्हणाली आणि भेंडी निवडता निवडता रडायला लागली. शेवटच्या निवडीत तुझं नाव आलं नाही आणि बारावी झाली, आता ती स्पर्धा पुन्हा नाही. याचं मलाही वाईट वाटतं. पण तुला त्याहून जास्त बोचला तो फ्लेक्स, हे मी ओळखून आहे. तू नुसता संघ निवडायच्या राष्ट्रीय शिबिराला निघालास, आणि तुझ्या मित्रमंडळाने ‘भारताच्या संघात निवड झाल्याबद्दल अभिनंदन’ असा फ्लेक्स लावूनही टाकला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. परत आलास तो त्याच्याच खालून. पण त्या पोरांचा तुझ्यावर जीव आहे रे. आपल्याकडे तर मांजर व्यालं तरी फ्लेक्स लागतो.

तो फ्लेक्स आता माझ्याकडे आहे. गुंडूने तुझ्या मंडळाकडून मागून आणला आणि छापील बाजू भिंतीकडे करून वर्गात ठोकला. मागची पांढरी बाजू आमचा दुसरा फळा झाली आहे. मार्कर पुसला जात नाही, म्हणून न सुटलेली गणितंच तिथे लिहायची असं ठरलं.

सध्या तिथे एकच आहे, आणि ते कबनूरच्या प्रियदर्शनीचं. नववीतली पोर, घरात यंत्रमागाचा खडखडाट, त्यामुळे आमच्या गोंगाटात तिचं लक्ष हलत नाही. तुझं फुटबॉलचं गणित आठवतं? प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळला, बरोबरी एकही नाही. तर संघांची अशी रांग लावता येते की प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवलेलं असेल. तुझी रीत मी अजून तुझ्या नावानेच शिकवते. ती ऐकून ही पोर अशा रांगा किती लागतात ते मोजत बसली. कितीही संघ घ्या, निकाल कसेही मांडा, म्हणाली, रांगांची संख्या विषमच येते. का? मला येईना. पुस्तकात असेल, पण उघडलं नाही. ती रोज माझ्याकडे बघते, मी माठाकडे बघते.

आता खरं सांगते, पत्र का लिहिलं ते. तिला माझ्यापेक्षा वेगाने विचार करणारं कुणीतरी हवं आहे, आणि मला तुझी फार आठवण येते. स्पर्धा संपली, सोमेश, गणित संपलेलं नाही. उत्तर फोनवर कळवू नकोस. वर्गात ये, कुणाशी काही बोलू नकोस, सरळ जाऊन पाणी पी. आम्हाला कळेल. आणि सुटलं नसलं तरी ये. उचगावाहून या उन्हात येशील, तहान लागणारच.

वाट बघणारी, तुझीच,
शांतादेवी बाई