स्वेच्छानिवृत्तीच्या पत्राला कुलूप

पिपलानी, भोपाळ
१२ मार्च

ती. अनंतराव यांस,

गजाननचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे मी आणि तुमची बहीण ठीक. (शोभा माझ्या प्रत्येक पत्राखाली तुम्हाला दोन ओळी लिहिते. हे पत्र मी परस्पर ऑफिसातून टाकणार आहे, म्हणून त्या नसतील. गैरसमज नसावा.)

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन दोन महिने झाले, मंजुरीचं पत्र का निघत नाही, असं तुम्ही विचारलंत. ३१ तारखेपर्यंत ते निघालं नाही तर अर्ज रद्द होतो आणि आमचं नागपूरला येणं राहतं, हे मला ठाऊक आहे. दोष कॉम्प्युटरचा आहे.

झालं असं, की आमच्या कार्मिक विभागात नवं सॉफ्टवेअर आलं. बढती, बदली, निवृत्ती अशा प्रत्येक पत्राचा कोरा नमुना त्यात असतो. तो कोणी नुसता बघायचा, कोणी त्यात नावं भरायची आणि कोणी मजकूरच बदलायचा, हे अधिकार वाटून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात चहाचा ट्रे सव्वीस वर्षं ज्या क्रमाने फिरतो, त्याच क्रमाने मी ते वाटले. मोठ्या साहेबांना सगळ्यात मोठा, म्हणजे बदलण्याचा. पत्रं खरं तर सुलभाबाई काढतात, पण त्या पडल्या क्लार्क. त्यांच्यापर्यंत पोचेतो नुसतं बघणं उरलं होतं. साहेबांनी आयुष्यात की-बोर्डला हात लावला नव्हता. अधिकार मिळाल्यावर लावला. बढतीच्या नमुन्यात नावाच्या जागी स्वतःचं नाव टाकून पाहिलं, बरं दिसलं, म्हणून तसंच ठेवलं. त्या आठवड्यात कॉम्प्युटरने अकरा फिटरांना पत्रं धाडली आणि अकराही पत्रांत साहेबांना सीनियर फिटर केल्याबद्दल अभिनंदन होतं. (इंद्रपुरीतल्या एकाने ते फ्रेम करून लावलं आहे.) सुलभाबाईंना चूक पहिल्या दिवसापासून दिसत होती, पण त्यांना दिसण्यापुरताच अधिकार होता.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "गजाननजी, सब पे ताला डाल दो. पासवर्ड आप रखो, अपन को नहीं चाहिए." तेव्हापासून मी एकेक नमुना तपासून उघडतो आहे. बढती झाली, बदली झाली. स्वेच्छानिवृत्ती यादीत शेवटी आहे.

सौ. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
गजानन

ता. क. : आम्ही राहायला येणार त्या तुमच्या वरच्या मजल्यावरच्या फरश्या अजून बसल्या नाहीत, असं शोभाला एक कार्ड टाकाल का? बसल्या असल्या तरी टाका.

ता. क. २ : यादी मीच केली आहे. अर्ज दिला तो शोभाला माहेरच्या गावी राहायचंय म्हणून. मला जायचं नाही. क्वार्टरच्या आवारात मी लावलेल्या लिंबाला यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पाय आपोआप गेटकडे वळतात. हे तिला तोंडावर सांगायचा धीर होत नाही.

ती. दादा,
पत्र यांच्या स्कूटरच्या डिकीत सापडलं. चार दिवस तिथेच होतं. पासवर्ड यांनी ऑफिसच्या टेबलावर काचेखाली लिहून ठेवलाय आणि सुलभाबाईंना बघायचा अधिकार आहेच. मंजुरीचं पत्र काढून, साहेबांची सही घेऊन त्यांनी कालच मला आणून दिलं. अजून कुठे नोंद नाही, माझ्या कपाटात आहे. हे पाकीट मी पुन्हा चिकटवून डिकीत ठेवते, म्हणजे हे टाकतील. ३१ तारखेपर्यंत यांनी मला तोंडाने सांगितलं नाही, तर तुम्ही ट्रक पाठवा. सांगितलं तर मी ते पत्र फाडीन. लिंबाला इतकी वर्षं पाणी मीच घालते आहे.
शोभा